तीन पिढ्यांचा संसार : अमेरिकेंतील जपानी कुटुंबें आणि विवाहाच्या बदलत्या कल्पना

परदेशीं जाऊन स्थायिक झालेल्या लोकांत आपल्या पिढ्या आंकड्यांनीं मोजण्याची चाल क्वचितच आढळते. अमेरिकेंतील जपानी समाजांत मात्र ती इतकी रूढ आहे कीं, माणसाची ओळखच तिच्यावरून होते. जपानांत जन्मून अमेरिकेंत आलेला तो 'इस्सेइ', म्हणजे पहिल्या पिढीचा. त्याचीं अमेरिकेंत जन्मलेलीं मुलें 'निसेइ'. नातवंडें 'सानसेइ' आणि पतवंडें 'योनसेइ'. हा हिशोब नुसता वयाचा नाहीं. यांतील प्रत्येक नांवामागें विवाह, प्रीति आणि स्त्रीपुरुषसंबंध यांविषयींची एक वेगळी समजूत उभी आहे. आजीचें लग्न छायाचित्रावरून ठरलें; आईनें नाचाच्या समारंभांत भेटलेल्या तरुणाशीं लग्न केलें, तरी वडील मंडळींच्या समाधानासाठीं एक मध्यस्थ नेमावा लागला; आणि नातीनें निराळ्या वंशाच्या माणसाशीं विवाह केला; असा क्रम या समाजांत ठिकठिकाणीं आढळतो.

या बदलाचें नेहमीचें स्पष्टीकरण असें कीं, जुना जपान कडक शिस्तीचा आणि अमेरिका मोकळी. मुलें अमेरिकन शाळेंत गेलीं आणि घरची शिस्त सैल झाली. या म्हणण्यांत तथ्य आहे, पण तें अर्धेंच आहे. पहिल्या पिढीची नीति दिसते तितकी प्राचीन नव्हती, आणि पुढच्या पिढ्यांचें स्वातंत्र्य केवळ पाश्चात्य वाऱ्यानें आलें नाहीं. कोणीं कोणाशीं लग्न करावें, केव्हां करावें, आणि त्याविषयीं किती बोलावें, हें ठरविण्यांत कायदा, स्त्रीपुरुषांची संख्या आणि युद्धकाळांतील सक्ति यांचा हात संस्कारांइतकाच मोठा होता.

१८८५ सालीं जपान सरकारच्या करारानें हवाई बेटांतील उंसाच्या मळ्यांवर मजूर जाऊं लागले. पुढें अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रेल्वे, लांकडाच्या गिरण्या, शेती व घरकाम यांसाठींहि त्यांचा ओघ सुरू झाला. यांतील बहुसंख्य लोक हिरोशिमा, यामागुची, फुकुओका, कुमामोतो या नैर्ऋत्येकडील प्रांतांतले शेतकरी होते. जपानी नीति म्हणून जी जगास ठाऊक आहे, ती मूळची सामुराई घराण्यांची, म्हणजे थोड्या लोकांची. शेतकऱ्यांच्या वस्तींत तरुणानें रात्रीं मुलीच्या घरीं जाण्याची 'योबाइ' नांवाची चाल अनेक ठिकाणीं होती. काडीमोड आणि पुनर्विवाह हेहि दुर्मिळ नव्हते. १९३५-३६ सालीं जॉन व एला एम्ब्री या अभ्यासक दांपत्यानें कुमामोतो प्रांतांतील सुये मुरा या गांवीं राहून टिपणें केलीं. एला एम्ब्री यांच्या टिपणांवरून १९८२ सालीं जें पुस्तक प्रसिद्ध झालें, त्यांत तेथील शेतकरी बायका मेजवानीच्या वेळीं मोकळेपणानें थट्टा करतांना आणि स्त्रीपुरुषांच्या संबंधाविषयीं निःसंकोच बोलतांना दिसतात. ज्या प्रांतांतून इतके लोक समुद्रापार गेले, त्याच प्रांताचें हें चित्र आहे.

परंतु हेच लोक ज्या काळांत वाढले, त्या काळांत मेइजी सरकार सामुराईंची नीति साऱ्या राष्ट्राला शिकवीत होतें. १८९८ च्या दिवाणी कायद्यानें घराण्याच्या प्रमुखाकडे मोठे अधिकार दिले. तीस वर्षांखालील पुरुषास व पंचवीस वर्षांखालील स्त्रीस आईबापांच्या संमतीवांचून लग्न करतां येत नसे. मुलींच्या शाळांतून 'र्‍योसाइ केन्बो', म्हणजे सुगृहिणी आणि सुमाता, हा आदर्श बिंबविला जाई. तेव्हां इस्सेइ मंडळींनीं बोटीवर चढतांना दोन गोष्टी बरोबर घेतल्या : गांवची जुनी, सैलसर रीत, आणि शाळेंत नुकताच घोटलेला नवा, कडक धडा. अमेरिकेंत यांपैकीं दुसरीच गोष्ट टिकली. आणि ती कां टिकली, हें तेथील परिस्थितीवरून समजतें.

आरंभीं हा समाज जवळजवळ एकट्या पुरुषांचा होता. १९०० च्या शिरगणतींत अमेरिकेच्या मुख्य भूमीवर सुमारे २४,००० जपानी होते, आणि त्यांत स्त्रिया हजाराच्या आंतच होत्या. जुगाराचे अड्डे, मद्य आणि वेश्याव्यवसाय हे अशा वस्तीच्या पाठोपाठ येतातच. १८९० नंतरच्या दशकांत कित्येक जपानी स्त्रियांना फसवून पश्चिम किनाऱ्यावरील कुंटणखान्यांत नेण्यांत आलें. यामादा वाका ही त्यांपैकींच एक. १८७९ सालीं शेतकरी कुटुंबांत जन्मलेली ही स्त्री सिॲटल येथें या व्यवसायांत अडकली, तेथून निसटून सॅन फ्रॅन्सिस्को येथील मिशनच्या आश्रमांत आली, आणि पुढें जपानांत परत जाऊन स्त्रियांच्या प्रश्नांवर लिहिणारी नामवंत लेखिका झाली. तिच्यासारखें नशीब फार थोड्यांचें.

या वस्त्यांकडे बोट दाखवून गोऱ्या चळवळ्यांनीं जपानी लोकांस हांकलण्याची मागणी केली. १८८२ सालीं चिनी मजुरांना अमेरिकेचें दार बंद झालेंच होतें. आपलीहि तीच गत होऊं नये म्हणून जपानी वकिलात, ख्रिस्ती पाद्री, बौद्ध भिक्षु आणि जपानी वृत्तपत्रें यांनीं समाजशुद्धीची मोहीम उघडली. सभ्यपणानें राहणें ही त्यांच्या दृष्टीनें केवळ नीतीची बाब नव्हती. तो देशांत राहूं देण्याचा परवाना होता. गांवची जुनी मोकळीक या भीतीनें गिळली. इस्सेइ आईबापांची जी कडक शिस्त मुलांनीं 'जपानी' म्हणून ओळखली, तिचा पुष्कळसा भाग अमेरिकेंतच घडला होता.

१९०७-०८ सालीं दोन्ही सरकारांत झालेल्या समझोत्यानें जपाननें मजुरांना परवाने देणें थांबविलें. मात्र अमेरिकेंत असलेल्यांच्या बायकामुलांना वाट मोकळी राहिली. यांतून छायाचित्र-वधूंची प्रथा वाढली. मुलाकडून छायाचित्र व माहिती गांवीं जाई; आईबाप व मध्यस्थ मुलगी शोधीत; दोन्ही घरांची चौकशी होई; आणि पसंती झाली कीं, मुलीचें नांव वराच्या कुटुंबाच्या सरकारी नोंदवहींत चढे. जपानी कायद्यानें लग्न तेवढ्यानें पुरें होई. ज्या समाजांत स्थळ पाहणें हें वडील मंडळींचेंच काम, त्याला यांत विचित्र असें कांहींच नव्हतें. मराठी घरांतील जुन्या पिढीलाहि तें वाटलें नसतें. विचित्र होतें तें एवढेंच कीं, वधूवरांच्या मधें पॅसिफिक महासागर होता. अमेरिकन अधिकाऱ्यांना मात्र हें लग्नच वाटेना. १९१७ पर्यंत ते बंदरावरच ओळीनें उभ्या केलेल्या जोडप्यांचें पुन्हा लग्न लावीत.

धक्क्यावर उतरलेली मुलगी हातांतील छायाचित्र पाहून नवऱ्यास शोधी, आणि पुष्कळदां समोरचा माणूस छायाचित्राहून दहा-पंधरा वर्षांनीं मोठा निघे. कोणी तरुणपणींचें चित्र पाठविलेलें असे, कोणी मित्राचें. उसना सूट व दुसऱ्याची मोटार हे प्रकारहि होते. बहुतेक जणींनीं 'शिकाता गा नाइ', म्हणजे इलाज नाहीं, म्हणून संसार मांडला. सगळ्यांनीं मात्र नाहीं. 'काकेओचि', म्हणजे परपुरुषाबरोबर पळून जाणें, हा शब्द त्या काळच्या जपानी वृत्तपत्रांत वारंवार येई. सोडून गेलेल्या पत्नीचें वर्णन व छायाचित्र छापून शोधणाऱ्यास बक्षीस लावणाऱ्या नवऱ्यांच्या जाहिराती इतिहासकार युजी इचिओका यांनीं उजेडांत आणल्या आहेत. पुरुष पुष्कळ आणि स्त्रिया थोड्या अशा समाजांत दुःखी पत्नीला दुसरा आसरा मिळणें शक्य होतें. पण तसें करणारीस त्या भागांतील कोणतीहि जपानी वस्ती थारा देत नसे. टीकेचा गिल्ला वाढल्यावर १९२० सालीं जपाननें मुख्य भूमीकडे जाणाऱ्या छायाचित्र-वधूंना परवाने देणें बंद केलें.

या संसारांचा आधार 'गिरि', म्हणजे कर्तव्य, हा होता. मानववंशशास्त्रज्ञ सिल्विया यानागिसाको यांनीं सिॲटलमधील जपानी कुटुंबांचा अभ्यास करून १९८५ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत हीच गोष्ट दिसते : पहिल्या पिढीचें लग्न कर्तव्यावर उभें, आणि दुसऱ्या पिढीच्या मतें आपलें लग्न प्रेमावर उभें. नवराबायकोनें चारचौघांत जवळीक दाखविणें तर दूरच, मुलांनीं आईबापांना हातांत हात घेतलेलें देखील पाहिलें नसे. मूल आईजवळ निजे आणि घरांतील माया मुख्यतः त्या दिशेनें वाहे. लैंगिक विषयावर शब्द निघत नसे. तरीहि या मौनाला प्रेमाचा अभाव समजणें चुकीचें होईल. शेतांत बारा तास राबून आल्यावर नवऱ्याच्या स्नानाचें पाणी तापविणें, किंवा बायकोच्या आजारांत न बोलतां तिचें काम उरकणें, हीच त्या पिढीची भाषा होती. मुलांना ती वाचतां आली नाहीं, एवढेंच.

दरम्यान कायद्यानें या समाजाभोंवतीं कुंपण घातलें होतें. कॅलिफोर्नियानें १८८० सालीं गोरे व 'मंगोल' यांच्या विवाहास परवाना देण्याची मनाई केली आणि १९०५ सालीं असे विवाह रद्दबातल ठरविले. १९२२ सालीं ओझावा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें जपानी माणूस अमेरिकेचा नागरिक होऊं शकत नाहीं असा निकाल दिला. पुढच्याच वर्षीं भगतसिंग ठिंड यांच्या खटल्यांत तीच पाळी हिंदी लोकांवर आली. १९२२ च्याच केबल कायद्यानें अशा अपात्र परकीयाशीं लग्न करणारी अमेरिकन स्त्री आपलें नागरिकत्व गमावून बसे. म्हणजे अमेरिकेंत जन्मलेल्या निसेइ मुलीनें इस्सेइ पुरुषाशीं लग्न केलें, तर ती स्वतःच्या जन्मभूमींत परकी ठरे. हें कलम १९३१ सालीं दूर झालें. १९२४ सालीं जपानांतून येणें पूर्णपणें बंद झालें. या साऱ्याचा परिणाम असा कीं, निसेइ मुलांना जोडीदार शोधावयाचा तो आपल्याच वयाच्या, आपल्याच वंशाच्या लहानशा मंडळांत. गोऱ्यांपासून त्यांना आईबापांच्या शिस्तीपेक्षांहि कायद्यानें दूर ठेविलें होतें. हवाईंत असा कायदा नव्हता, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

निसेइ मुलगी सकाळीं अमेरिकन शाळेंत, दुपारीं जपानी भाषेच्या शाळेंत आणि शनिवारीं चित्रपटगृहांत जाई. शाळेंत तिला आपल्या मनाप्रमाणें वागण्याचा धडा मिळे. भाषाशाळेंत 'शूशिन', म्हणजे नीतिपाठ, मिळे. आणि पडद्यावर नायक-नायिकेचें चुंबन दिसे. तिला नाचाला जावयाचें असे. वडिलांना नाच म्हणजे परक्या पुरुषाचा स्पर्श वाटे. मुलींचीं मंडळें, ख्रिस्ती व बौद्ध तरुण संघ यांच्या देखरेखीखालीं नाच ठेवून या वादांतून वाट काढण्यांत आली.

याहूनहि मोठी अडचण भाषेची होती. मुलांचें जपानी स्वयंपाकघरापुरतें होतें आणि आईबापांचें इंग्रजी दुकानापुरतें. जेवण, शाळा, आजार यांविषयीं बोलतां येई; प्रेम, मत्सर, शरीर, लाज यांविषयीं बोलावयास दोघांजवळ मिळून एकहि भाषा नव्हती. हे प्रश्न अखेर वृत्तपत्राकडे गेले. मेरी ओयामा या निसेइ लेखिकेनें १९३५ ते १९४१ पर्यंत सॅन फ्रॅन्सिस्कोच्या एका जपानी-अमेरिकन दैनिकाच्या इंग्रजी विभागांत 'डिअर्ड्रा' या टोपणनांवानें सल्ल्याचें सदर चालविलें. नाचांतील शिष्टाचार, एकतर्फी प्रेम, आईबापांनीं सुचविलेलें स्थळ, दुसऱ्या वंशाच्या व्यक्तीशीं मैत्री, अशा विषयांवर तरुण वाचक तेथें वाद घालीत. जें घरांत उच्चारतां येत नव्हतें तें छापील अक्षरांत, खोट्या नांवाखालीं, उच्चारलें गेलें. विवाहाच्या बाबतींत बहुधा तडजोड होई : मुलामुलींनीं एकमेकांस पसंत करावें, आणि नंतर एखाद्या वडीलधाऱ्या गृहस्थास 'बाइशाकुनिन', म्हणजे मध्यस्थ, करून घराण्यांची चौकशी व मागणी रीतसर पार पाडावी.

ही तडजोड आणखी किती वर्षें चालली असती, सांगवत नाहीं. पण १९ फेब्रुवारी १९४२ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं हुकूम क्रमांक ९०६६ वर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना तारेच्या कुंपणाआड पाठविण्यांत आलें. त्यांतील दोन-तृतीयांश अमेरिकेचे जन्मसिद्ध नागरिक होते. आरंभीं घोड्यांच्या शर्यतींच्या तबेल्यांत, आणि मग वाळवंटांतील व दलदलीच्या प्रदेशांतील दहा छावण्यांत त्यांना ठेवलें. एका लांब बराकींत अनेक कुटुंबें. मधल्या भिंती छपरापर्यंत न पोंचणाऱ्या. त्यामुळें शेजारच्या जोडप्याची कुजबूज, भांडण, रडें सगळें ऐकूं येई. संडासांना कित्येक ठिकाणीं आडोसा नव्हता; संकोची स्त्रिया रात्र होईपर्यंत थांबत. ज्या समाजानें देहाची झांकपाक हीच प्रतिष्ठा मानली, त्याचा खाजगीपणा सरकारी फळ्यांनीं हिरावला.

कुटुंबाची घडीहि तेथेंच विस्कटली. जेवण सामुदायिक भोजनगृहांत असे. मुलें मित्रमैत्रिणींबरोबर वेगळीं बसूं लागलीं. शेत वा दुकान गमावलेला बाप आणि कारकुनी करणारी मुलगी यांचा पगार महिना १२ ते १९ डॉलरांच्या एकाच मापांत बसला. जो पोशिंदा नाहीं, त्याची आज्ञा कोण पाळणार? संध्याकाळीं नाच होत, तरुण एकमेकांस भेटत, आणि लग्नेंहि पुष्कळ झालीं. पुढें शिक्षण व नोकरी यांसाठीं छावणीबाहेर जाण्याची परवानगी मिळूं लागली. विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या समितीनें सुमारे ४,००० जणांस महाविद्यालयांत जागा मिळवून दिली. शिकागोसारख्या शहरांत निसेइ मुली प्रथमच एकट्या राहिल्या. तेथें ना आईबाप, ना मध्यस्थ, ना वस्तीची नजर. प्रीतिविवाहाचा खरा विजय असा झाला. आणि तो झाला तो स्वातंत्र्य दिल्यानें नव्हे, तर घर हिरावून घेतल्यानें.

म्हणून हा विजय आनंदाचा वाटला नाहीं. सुटकेनंतर निसेइंनीं पुन्हा सभ्यतेचा आश्रय घेतला. स्वच्छ घर, चांगल्या खुणांनीं पास होणारीं मुलें, कोठेंहि बोभाटा नाहीं. छावणीविषयीं ते मुलांशीं बोलले नाहींत, आणि लैंगिक बाबींविषयींहि बोलले नाहींत. दोन्ही मौनांचें मूळ एकच होतें : 'हाजि', म्हणजे लाज, आणि 'गामान', म्हणजे मुकाट सोसणें.

कायद्याचें कुंपण मात्र एकेक करून पडलें. १९४८ सालीं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें आंतरवंशीय विवाहावरील बंदी रद्द केली. १९५२ सालीं इस्सेइंना नागरिकत्वाचा हक्क मिळाला. १९६७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें अशी बंदी साऱ्या देशांत घटनाबाह्य ठरविली. त्याच सुमारास सानसेइ पिढी विद्यापीठांत पोंचली होती. १९२० नंतरच्या दशकांत लॉस एंजेलिस परगण्यांतील जपानी विवाहांत परवंशीय जोडीदार शंभरांत दोन-तीन होते. १९७० नंतरच्या दशकांत हें प्रमाण निम्म्याच्या घरांत गेलें. चाळीस-पन्नास वर्षांत हृदयें इतकीं बदलत नसतात. दारें उघडलीं तेव्हांच अंतःकरणांत काय होतें तें दिसलें.

विद्वानांनीं या पिढीचीं मापें घेण्याचा खटाटोप केला. जॉन कॉनर यांनीं सॅक्रामेंटो येथील तीन पिढ्यांचा अभ्यास करून १९७६ सालीं लिहिलेल्या निबंधांत कुटुंबांतील, विशेषतः आईशीं असलेला, निकट जिव्हाळा आणि कामभावनेचा संकोच यांचा संबंध जोडला. विचार लक्षणीय आहे. परंतु असलीं मापें मध्यमवर्गीय गोऱ्यांच्या मोकळेपणास शंभर नंबरी धरून केलेलीं असतात. जो बोलत नाहीं, त्याला भावना कमी आहे, असें त्यांवरून सिद्ध होत नाहीं.

मौनाची किंमत काय पडते, हें सानसेइ स्त्रियांनींच सांगितलें. १९८१ सालीं सरकारी चौकशी मंडळापुढें निसेइ वृद्धांनीं छावणीच्या आठवणी प्रथमच उघडपणें सांगितल्या. लहानपण छावणींत गेलेली कवयित्री जॅनिस मिरिकितानी हिनें आईच्या त्या दीर्घ मौनाचा भंग काव्याचा विषय केला. आणि बालपणीं घरांत स्वतःवर झालेल्या अत्याचाराविषयींहि ती जाहीरपणें बोलली. कुटुंबाची अब्रू राखणारें मौन कुटुंबांतील दुर्बळाचें रक्षण करीत नाहीं, ही गोष्ट त्यामुळें लपविणें अवघड झालें.

याच इतिहासानें या समाजाला एके प्रसंगीं इतरांच्या पुढेंहि नेलें. १९९४ सालीं जपानी-अमेरिकन नागरिक संघाच्या अधिवेशनांत समलिंगी व्यक्तींच्या विवाहहक्काला पाठिंबा देण्याचा ठराव आला. विरोध मोठा होता. त्या वेळीं लोकप्रतिनिधि नॉर्मन मिनेटा यांनीं, छावणींत ठेवलेल्यांस नुकसानभरपाई देणाऱ्या १९८८ च्या कायद्यासाठीं बार्नी फ्रँक या समलिंगी सभासदानें आपला कांहीं स्वार्थ नसतां मदत केली होती, याची आठवण दिली. ठराव संमत झाला. लहानपणीं छावणींत राहिलेले नट जॉर्ज टाकेइ यांनीं २००८ सालीं आपल्या पुरुष-जोडीदाराशीं लॉस एंजेलिसमधील जपानी-अमेरिकन राष्ट्रीय संग्रहालयांत विवाह केला. कोणीं कोणाशीं लग्न करूं नये हें सरकार ठरवितें तेव्हां काय होतें, हें ज्यांच्या आजोबांनीं भोगलें होतें, त्यांना हा प्रश्न निदान अनोळखी नव्हता.

२०२० च्या शिरगणतींत अमेरिकेंत जपानी वंश सांगणारे सुमारे १६ लाख लोक होते, आणि त्यांतील अर्ध्याहून अधिकांनीं त्याबरोबर दुसराहि वंश नोंदविला. कित्येकांस आतां हा समाज संपत आल्यासारखा वाटतो. परंतु तीन पिढ्यांचा अनुभव निराळें सांगतो. इस्सेइंची शिस्त जितकी जपानी तितकीच अमेरिकेच्या भीतीची होती. निसेइंचें प्रेम जितकें अमेरिकन तितकेंच छावणीचें अपत्य होतें. आणि सानसेइंनीं मोडलेलें मौन हें आजीआजोबांना नाकारणें नसून त्यांचें न बोललेलें ऐकून घेण्याची खटपट होती. संस्कृति ही पेटींत घालून आणलेली वस्तु नव्हे. ज्या घरांत ती उघडली जाते, त्या घराचा उंबरठा, शेजार आणि कायदा यांनीं तिला आकार येतो. आणि नव्या पिढीच्या वागण्याचा दोष किंवा श्रेय कोणास द्यावें, हें ठरवितांना या तिघांचाहि जमाखर्च पाहावा लागतो.